सुळ्याला जागा

१६ जून, सोमवार

"ताई, हात खाली घ्या की." फोटोवाला सांगून सांगून दमला. कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो. तो म्हणाला जरा हसा, की काव्याचा हात तोंडावर! शेवटी ओठ घट्ट मिटून काढला. पकडून आणल्यासारखी दिसतेय.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, पुन्हा काढू. ती म्हणाली, "ओळख पटली म्हणजे झालं की."

बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात बारावीच्या पुढं गेलेली पहिलीच. आनंदानं रडू यायला हवं होतं, पण दिवसभर मनात तो हातच राहिला. चार वर्षं झाली हे चालू आहे. हे गेले त्याच्या आसपास सुरू झालं. तेव्हा वाटलं, वयात आलीय, आरशात बघायला लागलीय. तिचा वरचा डावा सुळा ओळ सोडून बाहेर आलाय, शेजारच्या दातावर चढून बसलाय. डिट्टो यांचा. कापड दुकानात गिऱ्हाइकं यांचं नाव विसरायची, पण "तो दातवाला, हसरा" म्हणून विचारत यायची. यांनी कधी तोंड झाकलं नाही. काव्या लहानपणी रुसली की समोर बसून म्हणायचे, "नगू, नगू." अक्कलकोटचे, घरात कन्नड बोलायचे. नगू म्हणजे हस. मला कन्नड तेवढंच नीट आलं.

दातांना तार बसवायची. ठरवलं!

१९ जून

दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. तरुण बाई आहेत, आवाज मऊ. त्या आत होत्या तोवर मी भिंतीवरचा तक्ता वाचून काढला. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. शाळा चौथीतच सुटली, पण दिसेल ते वाचायची खोड आहे. वाण्याच्या पुडीचा कागद वाचून अक्षर पक्कं केलं, मग हे दुकानातून शिळा पेपर आणायचे, आता वाचनालय. त्यामुळं आत गेल्यावर डॉक्टर सुळा म्हणाल्या तेव्हा कळल्यासारखी मान हलवता आली.

मी भीत भीत विचारलं, तो काढावा लागेल का?

"नाही हो. सुळा चांगला आहे, त्याला बिचाऱ्याला जागा नाही. शेजारची उपदाढ काढायची आणि याला हळूहळू खाली आणायचं."

इतकं हायसं वाटलं की खुर्चीत मागं टेकले. काढायचा नाही. यांचा दात राहणार. ओळीत येणार तेवढंच.

सगळं मिळून दीड-दोन वर्षं. रक्कम ऐकून मी ती पुन्हा विचारली. डॉक्टरांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, सुरुवातीला थोडे भरा, बाकीचे दर महिन्याला येताना. व्याज वगैरे काही नाही. पुढं म्हणाल्या, कडक काही खायचं नाही. आणि विचारलं, तुम्ही काय करता?

मी काही बोलायच्या आत काव्या म्हणाली, "आई कडक भाकरी करती. भाकरी केंद्रात."

डॉक्टरांना हसू आवरेना. काव्याही हसली. हाताआड.

२२ जून

काव्या म्हणते नको. "राहू दे आई. मला काही अडत नाही."

पैशाला घाबरते. मी समजावलं, मी दोन पाळ्या करीन, बारावीपर्यंत शिकवणी लावली नाही ते वाचले की. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा नको म्हणाली. यांचाच हेका!

२५ जून

भाकरी केंद्र चालवणाऱ्या गिरिजाबाईंना सहज सांगितलं. पैसे मागायला नाही, खरंच सहज. आम्ही दोघी शेगडीशी होतो. भाकरी तव्यावरून उतरली की मंद आचेवर उभी करून वाळवायची, त्यात बोलायला वेळ मिळतो. त्यांनी ऐकता ऐकता पुढची भाकरी उभी केली. जाताना पिशवीत तुकडे घातले, भाकरी मोडली की ती आम्हा बायकांचीच. घरी येऊन तुकडे काढले तर खाली पाकीट. पहिल्या हप्त्याचे भागतील एवढे.

तशीच परत गेले. त्या म्हणाल्या, "धनलक्ष्मी नाव तुजं, आन् धन माज्याकडं, असं कुटं असतंय व्हय? पोरगी हसली की फेड."

बाई, तुमचे उपकार कुठं ठेवू?

२७ जून

भावजींचा फोन. यांचे धाकटे भाऊ, अण्णाराव. अक्कलकोटला असतात. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. "वहिनी, तारेला कशाला खर्च करालाव? लग्नाला दोन तोळे करा की त्यात. अन् तो दात आमच्या घराचा हाय. थोरल्या भावाची आठवण हाय ती एवढी."

मी म्हटलं, दात कुठं जात नाही भावजी, खाली येतोय.

फोन ठेवला. ते चुकीचं बोलले नव्हते. दात राहील, पण तो वर चढून बसलेला, हसताना आधी तोच दिसणारा – तो काही राहणार नाही. त्याचा विचार मी केला नव्हता असं नाही. केला होता. पण मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी जित्या पोरीनं तोंड झाकून कॉलेजात बसायचं का? नाही.

२९ जून

संध्याकाळी काव्या शेजारच्या मांजराची गोष्ट सांगत होती. दुधाच्या पातेल्यात तोंड अडकलं आणि पातेलं घेऊनच गच्चीवर पळालं म्हणे! सांगता सांगता इतकी हसली की हात वर न्यायचं राहून गेलं. आणि समोर हेच बसलेत असं वाटलं. मी आमटी बघते म्हणून आत गेले. गॅसवर काही नव्हतं. पदरानं डोळे कोरडे करून बाहेर आले तर ती पुस्तक उघडून बसली होती.

३० जून

"कधी जायचं तारेला?" सकाळी वेणी घालताना तिनंच विचारलं!

अचानक कसं काय, मी विचारलं नाही. उगाच विचारून मन फिरायला नको.

८ जुलै

आज तार बसली. उपदाढ गेल्या आठवड्यातच काढली. तेव्हा कापूस चावून बसली होती बिचारी, डोळ्यात पाणी नाही. आज प्रत्येक दातावर बारीक चौकट चिकटवली आणि त्यातून तार ओवली. डॉक्टर मला जवळ बोलावून दाखवत होत्या. ओवणं म्हटल्यावर मला कळलं.

आधी दातांचा पांढरा साचा घेतला होता, तोही दाखवला. टेबलावर नुसते दात, ओठ नाहीत, चेहरा नाही. तरी मी ओळखले. वर चढलेला तो सुळा. मी बोट लावून बघितलं.

हप्ता भरला. पावती देवापुढं ठेवली.

१० जुलै

जबडा ठणकतोय. नुसता ताकभात खाते.

१३ जुलै

आज घरात मऊ भाकरी केली.

हे साधं वाक्य लिहायला वेळ लागला. यांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. पापुद्रा फुगलेला, वाफ येणारा. हे गेल्यावर मी घरात भाकरी थापलीच नाही. केंद्रात दिवसभर थापायची आणि घरी मोडके तुकडे आणायचे, आमटीत बुडवून खायचे. काव्यानं कधी तक्रार केली नाही. आता कडक बंद, मग करणार काय? पीठ मळलं. परातीवर हात पडला तो आवाज घरात वेगळाच येतो, केंद्रात आठ-दहा जणींच्यात ऐकू येत नाही.

ती पहिल्या भाकरीला हात लावून म्हणाली, "गरम आहे." आणि मग आम्ही दोघी जेवलो. एवढंच. पण पोट भरलं.

२ ऑगस्ट

माझ्या हातून चूक झाली. केंद्रातून यायला उशीर झाला, थापायला त्राण नव्हतं. म्हटलं कडक भाकरी चुरून आमटीत भिजत घालू, भिजली की कसली कडक? सोलापुरात दात पडलेली म्हातारी माणसं अशीच खातात. चांगली फुगू दिली. पण काठाचा एक तुकडा आतून तसाच राहिला. कट्! चौकट निघून तिच्या हातात आली.

काव्या म्हणाली, "आई, तुझी भाकरी लई पक्की आहे." मी रडकुंडीला आले आणि ती मला हसवत होती.

४ ऑगस्ट

डॉक्टर रागावतील म्हणून मी वाटेत वाक्यं जुळवत गेले. त्यांनी आ करायला लावलं, बघितलं आणि म्हणाल्या, "भाकरी ना? आमटीत भिजवलेली?" त्यांच्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांचं हेच होतं म्हणे. बाहेरगावी शिकायला होत्या तेव्हा तिथल्या सरांना कडक भाकरी म्हणजे काय हेच सांगून पटेना. चौकट पुन्हा चिकटवली, त्याचे वेगळे घेतले नाहीत. म्हणाल्या, "मला आणा की दोन."

केंद्रातून चांगला गठ्ठाच नेऊन दिला. शेंगाचटणीसकट.

३० ऑगस्ट

हप्ता वेळेवर गेला. काव्या शेजारच्या मुलांची शिकवणी घेते, त्यातले तिनं घातले. मी नको म्हटलं तर म्हणाली, "दात माझेच आहेत ना?"

सुळा हलायला लागलाय! मला वाटलं भास. तक्त्यावरचं आठवून आठवून बघितलं. थोडा खाली आलाय खरा. आज दिवसभर किती जणांची आठवण काढली. गिरिजाबाई, डॉक्टर, अगदी भावजीसुद्धा. काल त्यांनी ज्वारी पाठवली. वर निरोप, "मऊ भाकरीला चांगली हाय." बोलतात तोडून, पण विसरत नाहीत. आणि हे. यांनीच वाचायला लावलं नसतं तर मी त्या तक्त्यापुढं आंधळीच उभी राहिले असते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काव्या डबा विसरली. खिचडीच होती, पण तारेमुळं कॅन्टीनचं काही चालत नाही तिला. केंद्रात सांगून कॉलेजला गेले. फाटकाच्या आत झाडाखाली पोरींचा घोळका. कुणीतरी काही बोललं आणि एकजण मान मागं टाकून हसली. तोंड उघडं, तार चमकतेय, सुळा अजून अर्धा वर – आणि हात मांडीवर!

काव्या होती.

मी खांबाआड थांबले. ती पुन्हा हसली. पुन्हा हात खालीच. तिची मैत्रीण राजश्री पाणी प्यायला आली, तिच्याकडं डबा दिला. विचारल्याशिवाय राहवेना, काव्या तोंड नाही का गं झाकत? ती माझ्याकडं बघतच राहिली. "नाही की काकू. अकरावीपासून एका बाकावर बसतो आम्ही. कधीच झाकलं नाही तिनं."

काव्याला न भेटताच परत आले.

१५ सप्टेंबर

घरात हात अजून वर जातो. मी तीन दिवस बघतेय. म्हणजे बाहेर लाज नाही. फोटोवाल्याच्या इथंही मी समोर उभी होते. माझ्यापुढंच झाकते. माझं काय चुकलं? मी शिकलेली नाही, पिठाच्या हातानं कॉलेजच्या फाटकात उभी राहते, त्याचं असेल का?

भाकऱ्या करपल्या आज. गिरिजाबाई म्हणाल्या, "कुटं हाय गं ध्यान?"

२० सप्टेंबर

विचारलं. भाकरी तव्यावर होती, पाठ तिच्याकडं होती, म्हणून विचारता आलं.

काव्या म्हणाली, "मी हसले की तू आत जातीस, आई. अप्पा गेल्यापासून. डोळे पुसून येतीस."

मग तारेला हो का म्हणालीस?

"तुला माझ्याकडं बघता यावं म्हणून."

तव्यावरची भाकरी जळली. ती म्हणाली, पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगू का, आहे तसा राहू दे म्हणून? मी म्हटलं नको, त्याची जागा झालीय, येऊ दे खाली. काळी भाकरी ताटात ठेवली. ती बघून काव्याला हसू फुटलं, हात वर निघाला. माझे डोळे भरले होते. पुसले नाहीत, आत गेले नाही. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं – नगू.