मोराचा डोळा

मंगळवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून टाकते.

ओल काढणारा माणूस आज गोव्याहून यंत्रं घेऊन आला. गणपती बसवतो त्याच्या मागची भिंत त्याने ठोकून बघितली, तर आवाज पोकळ. ती भिंत दर चवथीला नव्याने रंगवायची आमच्याकडे रीत. पण दादाने एका वर्षी मोर रंगवला, आणि चवथीनंतर समुद्रात गेला तो होडीसकट परतलाच नाही. तेव्हापासून बाबांनी तिथे दुसरा रंग चढू दिला नाही. मोर टिकावा म्हणून दरवर्षी वर वार्निशचा हात मारायचे.

"काका, वार्निशने भिंत बंद झाली," तो माणूस बाबांना म्हणाला. "छपराकडून आत उतरलेलं पाणी बाहेर येणार कुठून? गिलावा सगळा काढावा लागेल."

मोर तेवढा कापून ठेवता येईल का, मी विचारलं. त्याने कडेला नख लावलं आणि शेपटीचा तुकडा ओल्या पिठासारखा खाली आला.

बाबांकडे बघवेना. मी मोराच्या डोळ्याकडेच बघत राहिले. दादाने तो सगळ्यात शेवटी रंगवला होता, मूर्तीचे रंगवतात तसा. वार्निशखाली अजून चकचकीत. आपल्याच हाताने भिंत कुजली, हे बाबांना कळलं असेल? कळलंच असणार.

त्याने छिन्नी उचलली तसे बाबा पुढे झाले. मला वाटलं, अडवणार. त्यांनी मोराच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"पयलो ह्यो डोळो काढ रे. बाकीचा तेका दिसाक नको."