नायकाच्या पावलांची तजवीज

मी, खाली सही करणारी, ‘पहारेकरी’ या चित्रकथा मासिकाची लेखिका व संपादिका, अविवाहित, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने आणि कोणाचाही दाब नसताना लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या मासिकाच्या मालकांना असा दाखला कोणत्याही वयात मिळाला नसता.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते वहिनीला द्यावे, तिच्या एकटीच्या नावावर. दादांनी पाहुण्यांना जन्मभर सांगितले, "ही छापखान्यात असते." संपादिका म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही. वहिनी मात्र दर अंक भाजीच्या पिशवीत तळाशी घालून नेई आणि न्हाणीघराची कडी लावून वाची. दादांना या घरात राहायचे असल्यास त्यांनी वहिनीची परवानगी मागावी. तिने ती लगेच देऊ नये.

२. बँकेत जे असेल ते आमच्या अक्षरवालीला द्यावे. माझी लांबलचक वाक्ये संवादांच्या एवढ्याएवढ्या फुग्यांत बसवताना तिने डोळ्यांची वाट लावून घेतली. एकदाही तक्रार केली नाही, फक्त मला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या मला ऐकू येत होत्या.

३. आमची कामाची पद्धत अशी होती. मी चित्रकाराला फोनवर कथा सांगायची, तो सगळी पाने काढून आणायचा आणि मग मी फुग्यांत संवाद भरायची. चित्रकाराचा हात सोन्याचा, पण त्याला पावले काढता येत नसत. म्हणून आमचा नायक, पहारेकरी, कायम गुडघाभर पाण्यात, गवतात नाहीतर धुक्यात लढला.

"बाई, पुन्हा पूर?" चित्रकार विचारायचा.

"पावलं जमली का?"

"नाही."

"मग पूर."

पुढे एका विद्वान समीक्षकांनी या धुक्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते ते आधुनिक माणसाच्या संभ्रमाचे प्रतीक आहे. माझ्या कपाटात चित्रकाराचा सरावाचा एक कागद आहे. त्यावर पावले म्हणून काही बटाटे काढले आहेत. तो चौकटीत बसवून या समीक्षकांना द्यावा. त्यांनी त्यावर दुसरा ग्रंथ लिहावा.

४. आता मुख्य मिळकत, म्हणजे स्वतः पहारेकरी. पहिल्या अंकात त्याने एका लाचखाऊ नगराध्यक्षाला बदडले होते. मालकांची पाचावर धारण बसली. "नायक तुझ्या नावावर नोंदव," ते म्हणाले, "खटला झाला तर तू निस्तर." मी नोंदवला. खटला काही झाला नाही. आता सिनेमावाले दारात आल्यावर मालकांना आठवले की नायक त्यांचा नाही. गेल्या आठवड्यात ते फळे घेऊन मला पाहायला आले, फळांखाली करारनामा होता. त्यांना पहारेकऱ्याला उडायला लावायचे आहे, शिवाय एक बोलणारा कुत्रा द्यायचा आहे. फळे मी खाल्ली. सही केली नाही. मालकांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये, कोयीसुद्धा नाहीत.

५. पहारेकऱ्याचे सर्व हक्क मी चित्रकाराला देते. तो भोळा आहे, मालकांच्या दोन गोड शब्दांनी विरघळेल, म्हणून एक अट घालते. हक्क विकण्याआधी त्याने एक शेवटचे पान काढून छापावे. भर दुपार, कोरडी फरशी, पहारेकरी अनवाणी वाचकाकडे चालत येतो आहे. पाणी नाही, गवत नाही, धुके नाही. हे पान पाहून सिनेमावाले पळाले तर उत्तमच.

मासिक बंद झाले त्या दिवशी चित्रकार म्हणाला होता, "सुटलो बाई, आता पावलांची भीती नाही." मी हसले नाही. इतकी वर्षे मी त्या माणसावर माया केली आणि ती दर महिन्याला पुरात लपवली. त्याची पावले वाईटच येतील. येऊ देत. या पानावर एकही फुगा नसावा. झाकायला आता मी नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. चित्रकाराला लाभ मिळत असल्याने तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे त्या सांगतात. बरेच झाले. त्याने वाचता वाचता कागद भिजवला असता.

ठिकाण: राहते घर, कामाचे टेबल
दिनांक: आमचा अंक ज्या तारखेला निघायचा, ती

सही: संपादिका

आमच्या देखत बाईंनी वाचून सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली:
१. डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरची शिंपीण