पलीकडच्या काठावर गेलेला धक्का

कोइवुनिएमी,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय हिल्काताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, तुर्कूला ऊन पडायला लागलं का, आणि गॅलरीतल्या टोमॅटोंनी या वर्षी तरी काही मनावर घेतलं का, ते सवडीने कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आयलाची तब्येत उत्तम आहे. माझ्या मते जरा जास्तच उत्तम आहे; हल्ली ती होडी वल्हवताना गुणगुणते. माझी पाठ धरली आहे, पण त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हे पत्र सहज लिहीत आहे. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला वर्षातून एकदा सहज लिहावं, एवढाच हेतू आहे. काही मागणं नाही.

समोरच्या काठावर राहायला आलेले दाताचे डॉक्टर हिएतानेन तुला आठवत असतील. (मागच्या जूनअखेरीस तू आमच्याकडे युहान्नुसच्या सणाला आलीस आणि त्यांच्या पायरीवर बसून कॉफी प्यायलीस. एकदा नव्हे. आमच्या खिडकीतून त्यांची पायरी स्पष्ट दिसते.) माणूस सज्जन आहे, विधुर आहे, आणि निवृत्त झाल्यापासून सगळं स्वतःच्या हाताने करतो. सॉना स्वतः बांधला, पायऱ्या स्वतः केल्या, होडीला डांबर स्वतः फासलं. लोक याचं कौतुक करतात. मला त्यात विशेष काही दिसत नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात, आरशात बघून भोकं पाडली, त्याला उघड्यावर, समोर दिसणाऱ्या लाकडात भोक पाडायला कसली अडचण? मी जन्मभर लोखंडी सामानाच्या दुकानात उभा राहिलो. या तळ्याभोवती जे काही उभं आहे ते मी विकलेल्या खिळ्यांवर उभं आहे. ते खिळे स्वतः मारायची वेळ आली नाही, एवढंच. पण कुठला खिळा कशाला लागतो हे मला विचारायला लोक लांबून येत. आता ते डॉक्टरांकडे जातात.

सुरुवात जळणाच्या रचाईपासून झाली. त्यांची बर्चची रचाई कवळीसारखी आहे. एक ओंडका पुढे नाही, एक मागे नाही. ती पाहून मी माझी रचाई मोडली आणि नव्याने रचली. ती सुंदर झाली होती. दुसऱ्या दिवशी ती आयलाच्या सायकलवर पडली. मग मी फाटक केलं. ते उघडतं, पण एकदा उघडलं की बंद होत नाही, म्हणून आम्ही ते उघडत नाही आणि कुंपणाच्या दुसऱ्या टोकाने ये-जा करतो.  आयला सायकल घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि चाक सरळ करून घेऊन आली. येताना तिच्याकडे एक बातमी होती. ती आणि डॉक्टर आता एकमेकांना अरे-तुरे करतात. तू जाणतेसच, आपल्याकडे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं तर वयाने मोठ्याने तसं म्हणावं लागतं, हात मिळवावा लागतो. म्हणजे चाक सरळ होता होता हे सगळं झालं. मी आणि डॉक्टर अजून अहो-जाहोवरच आहोत. आमच्यात मोठा मी आहे. मला घाई नाही.

तरी इथवर मी शांत होतो. खरं दुखणं सतरंज्यांचं. आपला जुना धक्का, ज्यावर आई चिंध्यांच्या सतरंज्या घासायची, तो मागच्या वसंतात बर्फाने मोडून नेला. उन्हाळा आला. आयलाने सगळ्या सतरंज्या गुंडाळल्या, होडीत घातल्या, पाइनच्या साबणाचा डबा घेतला आणि समोरच्या धक्क्यावर जाऊन घासत बसली. घासून झाल्यावर त्या वाळत कुठे घातल्या? डॉक्टरांच्या कठड्यावर. ताई, आपल्या स्वयंपाकघरातली निळी, माझ्या पलंगाशेजारची लाल, आईने माझ्या शाळेच्या शर्टांच्या पट्ट्यांतून विणलेली करडी, सगळ्या परक्या माणसाच्या कठड्यावर, साऱ्या तळ्याला दिसतील अशा. पाद्रीबाई होडीतून जाताना हात हलवून गेल्या. मी दिवसभर पडदा ओढून बसलो. (पडद्याला एक फट आहे.)

त्या दिवशी मी ठरवलं की धक्का बांधायचा, आणि असा की बर्फाच्या बापालाही हलवता येणार नाही. ओंडक्यांची चौकोनी पेटी, आत दगड, वर फळ्या. आपल्या आजोबांनी केला होता तसा. ही पेटी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच बांधायची असते. हवी त्या जागी उभी करायची, थोडे दगड भरायचे, मग भोवतीचा बर्फ करवतीने कापायचा, म्हणजे ती सरळ खाली तळाला बसते. मी डिसेंबरात ओंडके आणले. कोपऱ्यांना खिळा एकही मारला नाही. आजोबांसारख्या खाचा पाडल्या, एकीत एक बसणाऱ्या. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. सगळा जानेवारी त्यात गेला. आणि वर, ताई, मी एक मेज केलं. सतरंजी पसरून उभ्याने घासता येईल असं, कारण गुडघे टेकून घासल्यावर आयलाला रात्री उठता-बसता येत नाही. मेजाची उंची मी तिला न सांगता घेतली. ती ओट्याशी बटाटे सोलत होती, तेव्हा मागून फूटपट्टी लावली. मेज केलं आणि त्यावर ताडपत्री बांधून टाकली. युहान्नुसच्या दिवशी, तुझ्यासमोर, ताडपत्री काढायची असा बेत होता.

राहिली करवत. बर्फाची करवत दोघांची असते. एक इकडून ओढतो, एक तिकडून. आयला म्हणाली, ‘ओस्मोला हाक मार.’ (ओस्मो म्हणजे डॉक्टर; अरे-तुरेचा परिणाम.) मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, ‘काय बघू? तो तिथे रिकामा बसलाय. हात हलवलास तरी येईल.’ मी म्हणालो, हात हलवून थांबवायला ते काय बस आहेत? ती म्हणाली, ‘मग मी ओढते दुसरं टोक.’ आता तिलाच करवतीला जुंपायचं, तर मग मेज कशासाठी केलं? मी विचार केला. बर्फ शेवटी वितळतोच. तो वितळला की पेटी आपोआप खाली बसेल. जे काम वसंत फुकट करतो त्याच्यासाठी डॉक्टरांचे उपकार कशाला? म्हणून मी पेटीत आणखी दगड भरले आणि वसंताची वाट पाहिली.

मेच्या सुरुवातीला वारा दक्षिणेकडून आला. आम्ही सकाळी लापशी खात होतो. आयला खिडकीसमोर बसते, मी तिच्यासमोर. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, ‘ताउनो, तुझा धक्का निघाला.’

मी वळून पाहिलं. सगळा बर्फ एका तुकड्यात काठापासून सुटला होता आणि हळूहळू पलीकडे चालला होता, आणि त्याच्यावर मधोमध, अगदी सरळ उभा, माझा धक्का. ताडपत्रीसकट. माझी टोपी फळीवर ठेवली होती, तीही. त्याला काही घाई नव्हती. आमची लापशी गार झाली तरी तो अर्ध्यावरच होता. ‘होडी काढ,’ आयला म्हणाली. पण बर्फाच्या चादरीला होडीने काय करणार? आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. पलीकडच्या काठावर डॉक्टर कप हातात घेऊन उभे होते. बर्फ त्यांच्या काठाला लागला, कुरकुरला, थोडा वर चढला आणि थांबला. पुढच्या आठवड्यात तो वितळला आणि माझा धक्का, तुला सांगतो, पाणसळ लावल्यासारखा, त्यांच्या सॉनासमोर, त्यांच्या जुन्या धक्क्याच्या शेजारी तळाला बसला. माझ्या काठावर तो इतका सरळ बसला असता असं मला वाटत नाही.

मी होडी घेऊन गेलो. बोलणं झालं ते असं.

‘नमस्कार.’

‘नमस्कार.’

मग आम्ही पाण्याकडे पाहिलं.

‘धक्का आलाय,’ डॉक्टर म्हणाले.

‘दिसतोय,’ मी म्हणालो.

‘तुमच्या बाजूने आला.’

‘वारा तसाच होता.’

‘तुमची टोपी वाळत घातली आहे. न्या.’

‘नेतो.’

‘कॉफी घेणार?’

मी म्हणालो, आत्ताच घेऊन निघालो. (घेतली नव्हती. वेलदोड्याच्या पावाचा वास येत होता.) धक्का माझा आहे, तो परत द्या, हे म्हणायला मी गेलो होतो. पण दगड भरलेला धक्का परत द्या म्हणजे काय करा? मी टोपी घेऊन आलो. त्यांनी मग काठापासून धक्क्यापर्यंत दोन फळ्या टाकल्या आणि ताडपत्री काढून, घडी करून, आयलाबरोबर पाठवून दिली.

आता ऐक. आयला रोज तिकडे आहे. सतरंज्या, पायपुसणी, मागच्या वर्षी धुतलेले पडदे. घरात न धुतलेलं काही उरलेलं नाही. ती मेजाशी उभी राहून घासते. पहिल्या दिवशी परत आली आणि बूट काढता काढता म्हणाली, ‘मेजाची उंची अगदी बरोबर आहे.’ एवढंच. ते कुणी केलं, हे ती बोलली नाही. मेज त्या ताडपत्रीखाली होतं हे तिला ठाऊक आहे की तेही डॉक्टरांनीच फळ्यांबरोबर ठोकलं असं तिला वाटतं, मला कळेना. मी विचारणार होतो. पण ते मी केलं असं आपल्याच तोंडाने कसं सांगायचं? आणि सांगितलं आणि तिने ‘हो का’ म्हटलं तर?

गावाचं मात्र ठरलं आहे. पाद्रीबाई दुकानात सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, ‘डॉक्टरांचा नवा धक्का पाहिलात का हो? आणि ते मेज? तुमच्या आयलाच्या बरोब्बर मापाचं केलंय. किती जाण आहे माणसाला.’ दुकानदार काउंटरच्या कडेला बघत राहिला. मी तिथे काड्यापेटी घ्यायला गेलो होतो, मीठ घेऊन आलो. आणि याहून वाईट म्हणजे डॉक्टर सगळ्यांना खरं तेच सांगतात, की हा मी बांधला नाही, तो आपला आपण आला. लोक घरी जाऊन म्हणतात, एवढं करून नावही घेत नाही, किती साधा माणूस. धक्का माझा गेला, मेज माझं गेलं, आणि वर साधेपणा त्यांना मिळाला. या वयात माणसाने किती द्यायचं?

असो. हवा चांगली आहे. कोकीळ ओरडते आहे. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
ताउनो

ता.क. युहान्नुसला नक्की ये. बसथांब्यावर मी घ्यायला येईन. होडीने आलीस तर आमच्या काठाला उतर, समोर नको. आमच्याकडे उतरायला सध्या जागा नाही, म्हणून रबरी बूट आण.

ता.क. दुसरा. डॉक्टरांशी तुझं जमतं (वर उल्लेख केलेली कॉफी). बोलता बोलता, तुझ्याच मनात आलं असं दाखवून, त्यांच्या कानावर घाल की येत्या हिवाळ्यात ताउनो पुन्हा धक्का बांधणार आहे आणि बर्फाच्या करवतीला दुसरं टोक असतं. मी सांगितलं असं म्हणू नकोस. कॉफीआधी बोलू नकोस. ते आले तर मी त्यांना अरे-तुरेचं म्हणेन, असं वाटतं.

ता.क. तिसरा. मेज कुणी केलं असं कुणी विचारलं, तर तुला आता माहीत आहे. आयलाला विचारावंसं वाटलं, तर मी शेडमध्ये असेन.

---

हिल्का, पत्र पेटीत टाकायला त्याने माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरला, म्हणून हे चार शब्द माझे. ओस्मो रोज संध्याकाळी त्या धक्क्यावर पालथा पडून कोपऱ्यांच्या खाचांवरून हात फिरवतो. म्हणतो, माझा सगळा सॉना खिळ्यांवर आणि पट्ट्यांवर उभा आहे, असा एक कोपरा मला जमला नाही. ताउनो शिकवील का असं त्याने मला किती वेळा विचारलं, आणि दर वेळी म्हणतो, त्याला सांगू नकोस, तो मोठा आहे, आधी त्याला बोलू दे. करवत त्याच्याकडेही आहे. दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं आहे आणि मी दोघांना शब्द दिला आहे, म्हणून तू ये आणि बोल.

आणि मेजाचं. तो मागे फूटपट्टी घेऊन उभा होता आणि श्वास रोखून धरला होता. मला बटाटे सोलताना वाकायची सवय आहे. माप चुकू नये म्हणून मी मुद्दाम सरळ उभी राहिले.

आयला