ब्रेकनंतरचा सीन

सोम., ३ नोव्हें., सातारा
चॅनलची मीटिंग. मालिकेचा खर्च कमी करा, घरातलं एक पात्र काढा. कोण, ते प्रेक्षकसंख्येच्या आलेखावर ठरलं. शालनमावशी पडद्यावर आली की लोक चॅनल बदलतात म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

सीनचा क्रम मीच लावते. मावशीचा सीन कायम जाहिरातींनंतर टाकते. तिथं प्रत्यक्ष देव उभा केला तरी लोक परत यायला वेळ लावतात. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पुढच्या मालिकेत वरची जागा हवीय ना मला. कच खाल्ली.

मंगळ., ४
मावशीच्या कामाला आटपाडीहून तिला मीच आणली. शाळेत खिचडी शिजवायची. "सोडा ते मावशी, इथं बारमाही काम आहे." माझेच शब्द.
आज सेटवर म्हणाली, "तोंड का उतारलंय गं? जेवली न्हाईस व्हय?" आणि डब्यातली भाकरी पुढं केली. खाल्ली. लाज कशी वाटली नाही मला.

शुक्र., ७
मालिकेत मावशी मरणार, हार घालायला फोटो हवा. तिला अजून सांगितलेलं नाही, म्हणून "जाहिरातीसाठी" म्हणून ठोकून दिलं. बिचारी ठेवणीतलं इरकल नेसून आली. फोटोवाल्याला विचारत होती, "जरा हासले तर चालंल न्हवं?"

सोम., १०, उंब्रज
शूटिंगच्या घरी, जेवणाच्या सुट्टीत सांगितलं एकदाचं.
डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आसं व्हय. त्यो फोटू त्येच्यापायी काढला."
मग, "कामात काय चुकलं का गं माजं?"
नाही म्हणाले. आकडे, चॅनल, असलं काहीबाही बडबडले. ब्रेकचं नाही सांगितलं.
शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागलीय. तेही आजच कळलं, तिच्याकडूनच.

गुरु., २७, सातारा
आकडे आले. मावशी गेली तो भाग यंदाचा सगळ्यात वर. या वेळी तिचा सीन ब्रेकच्या आधी लावला होता मी. मेल्यावर.
चॅनलवाले खूश. आणखी कुणाला मारता येईल, उद्या यादी द्यायचीय.
संध्याकाळी मावशीचा फोन. "मेकपवाली सांगत हुती, माज्यामुळं आकडा वाढला म्हनं. मग आता बोलवत्याल न्हवं मला?"
विचारून सांगते म्हणाले.