काढ्याच्या आधीपासून

कुर्योंगपो,
११ डिसेंबर

प्रिय ब्योंगउक भावजी,

तेगूला सुखरूप पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. इथे समुद्रावरचा वारा कोरडा आहे, अंगणात टांगलेले मासे चांगले वाळताहेत. शुक्रवारी तुमच्याकडे थोडे पाठवते.

परवा ह्यांच्या श्राद्धाला तुम्ही नमस्काराला वाकलात आणि उठताना मेजाची कड धरलीत. भाताचे दोन घास खाऊन पोटावर हात ठेवलात. मी म्हटलं, "भावजी, किती वाळलात."

"तुमच्या अंगणात उभा राहिलो वहिनी, दुसरं काय होणार?"

सगळे हसले, मीही हसले. मग तुमची बायको मालसुन म्हणाली, काळ्या बोकडाचा काढा मागवलाय, महिनाभर घेतला की अंग भरेल.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पाहुण्यांसमोर जीभ रेटली नाही.

ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. जेवलं की पोटात कळ, चेहरा पांढराफटक, पट्ट्याला नवं भोक. मी तोच काढा आणला. नंतर तोंडातून दुर्बीण घातली, स्वच्छ. खालून घातली, तीही स्वच्छ. आम्ही वाटेत नूडल्स खाऊन आनंदाने घरी आलो. वाचनालयातली पुस्तकं मी हे गेल्यावर वाचली. वरची नळी जिथे थांबते आणि खालची जिथे थांबते, त्यांच्या मधे दहा-बारा हात लहान आतडं उरतं. ह्यांचा कॅन्सर तिथे होता.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही. ह्यांना शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं; आत रक्त झिरपलं की तसं होतं, हेही पुस्तकांतूनच कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" हे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "काढा सुरू केल्यापासून." डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं.

भावजी, ते काढ्याच्या तीन आठवडे आधी सुरू झालं होतं. संडास मीच धूत होते. ते काढ्यामुळेच असावं असं मला हवं होतं, म्हणून तसं सांगितलं.

तुम्हाला तेच असेल असं नाही. पण काढ्याचं पाकीट अजून फोडू नका. आधी रक्त तपासून घ्या. शौचाचा रंग बघा आणि कधीपासून ते डॉक्टरांना खरं सांगा, लाजू नका. दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या तर तिथेच बसून राहा आणि विचारा, मधलं कोण बघणार?

माझा राग आला तर तो योग्यच आहे. भाऊ तुमचा होता. पण आधी तपासणीची तारीख घ्या आणि मला कळवा. मला काय बोलायचं ते त्यानंतर बोला, मी ऐकून घेईन.

तुमची वहिनी,
ओकबुन