विमानात टाकलेला शेला

दारव्हा,
सोमवार, १५ जानेवारी २००७

ति. मैत्रेयीताई,
धाकट्याचा जयभीम, वि. वि.

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझा भाऊ संपला. तोवर मी बी. एस्सी. अर्धवट सोडलेला साधा पोरगा होतो. त्यानंतर 'तो विमानातला' झालो.

'हवा टाइट' नावाचा कार्यक्रम तुझ्या सासरी कोणी पाहिला नाही, असं खोटं लिहिलंस तरी चालेल. स्वस्त विमानात चढणारे लोक किती येडे, हे तिथं दर रविवारी दाखवतात. कोणाची लोणच्याची बरणी काढून घेतात, कोण्या म्हातारीला पट्टा बांधता येत नाही. महागड्या विमानातले लोक बहुतेक पट्टा बांधूनच जन्माला येतात. या खेपेला आपला नंबर होता.

खरं काय झालं ते लिहितो. फोन करता येत नाही, कारण मोबाइल मी टीव्हीवर फेकला. टीव्हीला काही झालं नाही.

सहा डिसेंबरसाठी बाबा सव्वीस वर्षं मुंबईला गेले ते रेल्वेच्या दारात उभं राहून. यंदा बसून जाऊ दे म्हटलं, अन् नागपूरहून एक रुपयावाली तीन तिकिटं काढली. (वरचा कर ते रुपयात मोजत नाहीत.) त्या विमानात सीटला नंबर नसतो, जो आधी चढेल त्याची जागा. आई गुडघ्यांपायी शिडीवर मागं राहिली. मग बाबांनी दारव्हा स्टँडवर जन्मभर केलं तेच केलं. पुढं जाऊन तीन सीटांवर आपला निळा शेला टाकला अन् जागा धरली. हवाईसुंदरीनं तो दोन बोटांनी उचलून खाली सोडला. लोक त्यावरून बुटांनी गेले. मग मी बोललो. चार मिनिटं.

माझी चार मिनिटं टीव्हीवर पूर्ण आहेत, पीं-पीं सकट. शेला खाली पडतो तेवढं कापलंय. खाली पट्टी, 'एस. टी. समझा है क्या?' अन् मागून घोडा खिंकाळतो.

शूटिंगच्या इंग्रजी फॉर्मवर न वाचता सही मीच केली. काहून केली, तर तुझी नणंद दीपा मला टीव्हीवर पाहील म्हणून. आणि युनूसभाईच्या दुकानातर्फे अर्ध्या दारव्ह्यात डिश मीच बसवल्या. माझी बदनामी घरोघरी पोचवायची मजुरीसुद्धा घेतली.

दीपानं पाहिलं का, एवढंच कळव.

तुझा,
संघदीप

नेर,
१८ जानेवारी

चि. संघदीप,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या दोन घरांनी आमच्याकडे येऊन पाहिलं, चहा मलाच करावा लागला. सासूबाई म्हणजे विमलताईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या की, मैत्रेयी, तुह्या भावाचे हातपाय धड आहेत, पण डोकं मोटारसायकलच्या सायलेन्सरवानी. पोरीचा पाय भाजंल एखाद्या दिवशी. त्यांचं तरी काय चुकलं? प्रॅक्टिकलच्या मार्कांवरून तू सरांच्या खोलीचं दार आपटून कॉलेज सोडलंस, त्या दाराला अजून काच नाही म्हणतात.

शेल्याचं मला ठाऊक नव्हतं. सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, असंल. पण ओरडणं तर खरं होतं ना?

आता वाईट बातमी. येत्या अठ्ठावीसला, रविवारी चार वाजता, बाभुळगावचे पाहुणे दीपाला पाहायला येताहेत. मुलगा विक्की, तहसीलमध्ये कारकून. शांत आहे म्हणे. फोटोत तर फारच शांत दिसतो. तुला बोलायचं असेल तर त्याआधी ये, आणि घरची दारं जपून वापर. आईच्या गुडघ्यांना तेल लावतोस ना?

तुझी,
ताई

दारव्हा,
२२ जानेवारी

ति. ताई, जयभीम, वि. वि.

शांत कारकुनाचं अभिनंदन. मी येऊ शकत नाही, कारण मी आता मोठा माणूस आहे. टीव्हीवाल्यांचा दुकानात फोन आला होता. 'रागीट प्रवासी घरी कसा राहतो' हे दाखवायला ते अठ्ठावीसलाच आपल्या घरी येणार. कॅमेऱ्यापुढं शेल्याचं सगळं सांगतो. पुढच्या रविवारी तुझ्या सासूबाई आपल्याच टीव्हीवर पाहतील. तोवर विक्कीला पोहे खाऊ दे.

तुझा,
संघदीप

नेर,
२५ जानेवारी

संघदीप, जयभीम.

तुमची पत्रं वहिनीनं दाखवली. टीव्हीवर काय सांगणार आहेस? ते पुन्हा कापतील, घोडा तेवढा ठेवतील.

मी तो भाग दुपारी पुन्हा लावतात तेव्हाही पाहिला, दोनदा. तू ओरडत होतास तेव्हा तुझ्या मागं बाबा खाली वाकून शेला झटकत होते. एकटेच. चार मिनिटांत तू एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस.

रविवारी मी नाही म्हणणार आहे. आई विचारेल की मग कोण? तेव्हा तू इथं पाहिजेस, अन् बसलेला पाहिजेस. शेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकून ठेवते. चारपर्यंत कोणाला बसू देणार नाही. नंतरचं मला सांगता येत नाही.

दीपा

नेरच्या एस. टी. त,
रविवार, २८ जानेवारी

ति. ताई, जयभीम.

अक्षर खड्ड्यांचं आहे. मी तोंडानं सांगायला लागलो की आवाज चढतो, म्हणून लिहून आणतोय. दारात हे घे आणि सासूबाईंना तूच वाचून दाखव.

टीव्हीची मंडळी दहाला आली. दोन वर्षं असेच कॅमेरे कापसापायी यायचे, रडणारा माणूस शोधत. आता हसू येईल असा शोधून राह्यले. आपल्याला शेतीवावर नाही, बाबा जिनिंग फॅक्टरीत कामाला, हे त्यांना पसंत पडलं नाही. यवतमाळ म्हटल्यावर कापूस पाहिजेच म्हणे. शेजाऱ्यांकडून पोतंभर आणून खोलीत ओतला. आई त्यात गुडघे धरून बसली होती. मी शेल्याचं सांगितलं. त्यांच्या साहेबांनी फार मन लावून ऐकलं, कॅमेरा बंद ठेवून.

मग म्हणाले, बाबांनी तो शेला बाजेवर टाकायचा, त्यांच्यातल्या एका पोरीनं उचलून खाली फेकायचा, आणि मी विमानातल्यासारखं ओरडायचं. बदल्यात तिघांना विमानाची फुकट तिकिटं. या वेळी नंबरवाल्या सीटा.

ताई, डोक्यात सगळं तयार होतं. तोंड उघडलंसुद्धा. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. मग दीपानं लिहिलेलं आठवलं अन् मागं वळून पाहिलं. बाबा शेला छातीशी धरून उभे होते. त्यांना टाकायचा नव्हता, अन् माझ्यापायी नाहीही म्हणवत नव्हतं.

मी तो त्यांच्या हातून घेतला, घडी केली आणि त्यांच्याच खांद्यावर ठेवला. आईला हात देऊन कापसातून उठवलं, बाजेवर बसवलं. साहेब विचारून राह्यले की काय झालं, बोला ना. बाबा पहिल्यांदा बोलले, त्यांच्याशी नाही, माझ्याशी. म्हणाले, सव्वा वाजताची गाडी आहे, ह्यांले मी चहा पाजून काढतो.

चाराच्या आत पोचतोच. पोहे उरले नाहीत तरी चालेल, खुर्ची तेवढी सांभाळ.

तुझा,
संघदीप

ता. क. सासूबाईंना हे शेवटचं जरा सावकाश वाच. निघताना साहेब मागून ओरडले की, जाता जाता दार तरी जोरात आपटा, कॅमेरा चालू आहे. मी बाहेर आलो, कडी धरली, आणि आवाज न करता दार लावून घेतलं.