नुसत्या पायांवर

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या सायकलच्या दुकानाच्या दर्शनी काचेची खरी किंमत आधी सांगतो, म्हणजे बाकीचं पत्र नीट कळेल. काचवाल्याचा आकडा सोडून दे, माणूस रास्त आहे. त्या काचेपायी गेलं ते असं: दोन दिवस दुकान बंद, समोरच्या सलूनवाल्याशी अठरा वर्षांची बोलाचाल, माझ्या डाव्या अंगठ्याची कातडी आणि तुझ्या लेकाची, भिंगरीची, झोप. काच फोडणाऱ्या दगडाला भिंगरीचं जुनं पोस्टर गुंडाळलेलं होतं, डोळ्यांच्या जागी भोकं पाडून.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस, मीच बंद ठेवलाय. आपला नंबर कुणीतरी वाटला आणि तेव्हापासून घंटी वाजली की हातातला पाना पडतो. काही जण शिव्या देतात, त्या परवडल्या. पण एक बाई रोज सकाळी अगदी गोड आवाजात विचारते की पोरगा आज काय टोचून निघालाय. त्या बाईची मला भीती वाटते. म्हणून म्हटलं, पुन्हा कागद-पेन काढावं.

बंदीची चार वर्षं संपली की लोक विसरतील, असं आपण दोघं धरून चाललो होतो. पण तो औषधं घेऊन जिंकला यापेक्षा वर्षभर नाही-नाही म्हणत राहिला, हे लोकांना जास्त लागलंय. सोळा तारखेच्या सायकल-शर्यतीत त्याचं नाव छापून आलं आणि सगळं कालच घडल्यासारखं वर आलं. सलूनवाल्याचंच घे. आरशावर भिंगरीचा फोटो लावून ते वर्षभर तो गिऱ्हाइकांशी भांडला, की आपला पोरगा असं करणार नाही. अर्धी दाढी करून एकाला खुर्चीतून उठवलं होतं त्याने. आता तो फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलाय. काढत मात्र नाही. परवा वस्तरा हातात धरून दहा माणसांदेखत म्हणाला की चढावरच्या वळणाशी मी उभा राहणार, बघतो कसा पुढे जातो ते.

ताई, तो चढ तू पाहिलेला नाहीस. रस्ता एवढा अरुंद की बघ्याने हात लांब केला तर सायकलवाल्याच्या खांद्याला लागतो. कठडा नाही, दोर नाही. खाली ओढा आहे, त्यात पाणी कमी आणि धोंडे जास्त. तूच त्याला लिही की जाऊ नकोस. माझं ऐकत नाही. कशाला हा हट्ट, असं विचारलं तर म्हणतो, मामा, औषध वजा केल्यावर मी किती उरतो ते मला अजून माहीत नाही.

यावर काय लिहायचं, ते तू ठरव. तुला सुचेल.

लोभ आहेच, भीतीपायी तो आटू देऊ नकोस.

तुझा
भाऊ

शुक्रवार, ७ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अनुस्वार कुठले आणि ग्रीसचे ठिपके कुठले, हे ओळखण्यात माझी जेवणाची सुट्टी गेली.

इथलंही ऐक. मंगळवारी लॉण्ड्रीच्या काउंटरवर एक माणूस टी-शर्ट घेऊन आला. भला दिसत होता, चष्म्याचा. छातीवर आपल्या भिंगरीचा चेहरा, हात वर केलेला. विचारत होता की कापड चांगलं आहे, तेवढा चेहरा निघेल का. मी म्हटलं, घासून बघते. दोनदा गरम पाण्यात घातला, ब्रश मारला. नाक गेलं, हसू राहिलं. परत घेताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तेव्हापासून मी दुकानातून घरी रोज वेगळ्या रस्त्याने जाते. दारावरची नावाची पाटी काढून कपाटात ठेवली आहे. कडी लावली की नाही हे उठून तीनदा बघते. तिसऱ्या वेळी स्वतःचाच राग येतो.

तेव्हा भीतीच्या बाबतीत तू मला मागे टाकलंस असं समजू नकोस. पण जाऊ नको म्हणून मी लिहिणार नाही. त्याला अडवायची एक वेळ होती, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आता तो चांगल्या कामाला निघालाय तर मधे पडायचा मला हक्क नाही. तू मात्र त्याच्या सायकलवर डोळा ठेव. माणसं मला कळत नाहीत, पण सायकल तुला कळते.

अंगठ्याला हळद लाव. माया असू दे, चिडचिड कमी कर.

तुझी
ताई

शुक्रवार, १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळतो आहे. सायकलवर इतका डोळा ठेवलाय की बायको असती तर तिने संशय घेतला असता.

आठवडा वाईट गेला. सोमवारपासून रोज सकाळी उंबऱ्यावर रिकाम्या सिरिंजा असतात, झाकणं लावून, नीट एका रांगेत. त्या नीटपणानेच अंगावर काटा येतो. रागाने फेकलेल्या असत्या तर मी समजू शकलो असतो. एक उंच माणूस रोज समोरच्या फुटपाथवर उभा राहून मोबाइलवर दुकानाचं चित्रीकरण करतो. दादा, काय हवंय, असं विचारलं तर म्हणाला, काही नाही, मी फक्त बघतोय. भिंगरी सरावाला निघतो तेव्हा लोक गॅलऱ्यांत येतात. कोणी ओरडत नाही. तोंडाने सुईचा बारीक आवाज काढतात, स्स्स, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो मान खाली घालून जातो आणि मी शटर धरून उभा राहतो, तो वळणाआड होईपर्यंत. परत येईपर्यंत मी एकही पंक्चर धड काढत नाही.

सायकलचं म्हणशील तर ती तयार आहे. शर्यतीच्या चाकाचा टायर रिमवर चिकटवलेला असतो. सोल्यूशनचा एक हात, तो वाळला की दुसरा, मग टायर बसवून पूर्ण एक दिवस चाकाला हात लावायचा नाही. बुधवारी केलं. आज दोन्ही अंगठ्यांनी ढकलून पाहिला, जागचा हलला नाही. वर चादर टाकून ठेवली आहे.

आणि एक गोड बातमी, म्हणजे तुला झोप येईल. चढावर मी त्याला तीनदा घड्याळ लावलं. औषधाशिवाय तो पूर्वीपेक्षा हलका चढतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या तिघांत येणार. पोस्टमनपासून काचवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलोय की तसं झालं नाही तर दुकानाची पाटी उतरवीन. भोकं पाडलेल्या पोस्टरवाल्याने ऐकावं म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं.

रविवारी संध्याकाळी फोन चालू करीन. तोवर काळजी अर्धी-अर्धी वाटून घेऊ.

तुझा
भाऊ

सोमवार, १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर बोललो तेवढंच खरं आहे: जिवावरचं नाही. गळ्याजवळचं हाड मोडलंय, मनगट सुजलंय, कोपरापासून खांद्यापर्यंत सोललाय. जेवतो, नर्सशी थट्टा करतो. तू निघू नकोस.

जे फोनवर बोललो नाही ते आता लिहितो.

वळणावर पुढचा टायर रिमवरून सुटला आणि तो ओढ्याच्या बाजूला फेकला गेला. धोंड्यांच्या अलीकडे एक झुडूप होतं म्हणून आज मी तुला हे लिहितोय. सहा पावलांवर सलूनवाला उभा होता. ज्यांनी त्याचा वस्तऱ्यासकट दम ऐकला होता, त्यातले तिघे तिथेच होते. त्यांनी त्याला धरला, ओठ फोडला आणि पोलिसांच्या हवाली केला. संध्याकाळपर्यंत शहरभर झालं की त्याने चाक बिघडवलं. छापून आलं की विजयाच्या दारात चॅम्पियनचा घात. आणि ताई, लोक फिरले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर फुलं आहेत. स्स्स करणाऱ्या गॅलरीतली बाई फळं घेऊन आली. शर्यतवाले म्हणतात, पुढच्या मोसमात मानाने बोलावू. सकाळचा तो गोड आवाजही आला फोनवर, रडत होता. त्या बाईची मला आता जास्त भीती वाटते.

सलूनवाल्याने काही केलेलं नाही. मी केलं.

रविवारी पहाटे पाचला दुकान उघडलं तर सायकलवरची चादर उलटी पडली होती, शिवण वर. मी शिवण कायम खाली ठेवतो. कुणीतरी शिरलं होतं. टायरमधे पिन असेल, सोल्यूशनमधे तेल ओतलं असेल, नाही नाही ते मनात आलं. चांगला घट्ट बसलेला टायर मी ओरबाडून काढला आणि नवा चिकटवला. त्याला एक दिवस हवा असतो. शर्यत नऊला सुटली. त्याला चार तास मिळाले. माझ्या हाताखाली शिकलेला कुणी असं करता तर मी त्याला दुकानात उभा केला नसता. तीस वर्षांत हे मी कधी केलं नाही आणि केलं ते नेमकं आपल्या पोराच्या चाकाला.

आता काय करू? बोललो तर दुकान गेलं, त्याचं मला एवढं नाही. पण चार वर्षांनी लोक पहिल्यांदा त्याच्याशी बरं वागताहेत. मी बोललो की परत दगड. आणि गप्प बसलो तर तो माणूस आत. भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. त्याने चाक मागवून घेतलंय, उशाशी ठेवलंय, आणि माझ्याकडे बघत नाही.

चुकलो. पोटात घाल.

तुझा
भाऊ

बुधवार, १९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझं: भीतीने हात चुकला. मी रागावले नाही. रागवायला मला जागाही नाही.

त्याच्या जिंकण्याच्या वर्षी मी त्याची बॅग धुवायला काढली होती. जुन्या बुटाच्या आत मोज्यात गुंडाळलेली डबी होती. उघडून पाहिली. काय आहे ते कळलं. परत मोज्यात गुंडाळली, बूट जागेवर ठेवला आणि बॅग न धुताच परत दिली. तेव्हा सगळे त्याच्यावर किती माया करत होते, आठव. ती माया माझ्या हातून जाऊ नये म्हणून मी बोलले नाही. तेव्हा एक शब्द बोलले असते तर एवढी वर्षं गेली नसती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता पत्र खाली ठेव, सदरा बदल आणि पोलिसांकडे जा. घाबरतच जा, पण जा.

मी सोमवारी पोचते. मग तिघं मिळून घाबरू.

तुझी
ताई

शुक्रवार, २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू निघण्याआधी हे हाती पडावं म्हणून घाईने लिहितो.

पत्र वाचून आधी भिंगरीकडे गेलो. माझं सांगून होईपर्यंत त्याने चाक माझ्या मांडीवर ठेवलं आणि रिमवर बोट फिरवायला सांगितलं. पाचव्या दिवशीही सोल्यूशन बोटाला तार धरत होतं. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी स्वतः बोलतो का, याची वाट बघत होता, तेही घाबरून. म्हणाला, मामा, मी खोटं बोलत होतो त्या वर्षीसुद्धा लोक असेच फुलं आणायचे. मग म्हणाला की चादर त्याने उलटी टाकली होती. शनिवारी संध्याकाळी मी जेवण आणायला गेलो तेव्हा तो दुकानात जाऊन सायकलजवळ बसला होता. त्यालाही भीती वाटत होती.

दोघं पोलिसांकडे गेलो. त्याचा हात गळ्यात बांधलेला, चाक माझ्या काखेत. साहेबाने तीनदा विचारलं की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. तिसऱ्या वेळी मी चाकच टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, अंगठ्याने ढकला. त्यांनी ढकललं, टायर सरकला, आणि त्यांच्या बोटाला चिकटलेलं काही निघेना तेव्हा विश्वास बसला. सलूनवाला दुपारी सुटला. ओठ सुजलेला. मी हात जोडले, त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मीही तेच केलं असतं.

आज छापून आलं. सकाळी पायऱ्यांवर फुलं नव्हती. शटरवर रंगाने लिहिलंय, मामा-भाचे एकाच माळेचे. दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला दिलेल्या सायकली अर्ध्यातच घेऊन गेली. फोन पुन्हा बंद केलाय. भीती गेली असं लिहिणार नाही, तुला खोटं वाटेल. संध्याकाळी शटर ओढताना अजून दोन्ही बाजूंना बघतो. पण पोरगा काल सलग नऊ तास झोपला. मी दाराशी उभा राहून मोजले.

तू स्टेशनवरून सरळ मागच्या दाराने ये. येताना ती कपाटातली पाटी आणलीस तर इथे दारावर लावू.

आहे तो जीव असाच लावून ठेव.

तुझा
भाऊ

ता. क. – सलूनवाल्याचा जबाब साहेबाने आम्हाला वाचून दाखवला. भिंगरी आला की पाठ फिरवून उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून तो वळणावर एकेक सायकल मोजत होता. भिंगरीने त्या मोजणीचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं: भिंगरी पडला तेव्हा त्याच्यापुढे चाळीस जण गेले होते.